माझ्यासमक्ष

शाळा बंद झाली तेव्हा पोरांना लांबच्या शाळेची बस मिळाली, मास्तरांना बदली मिळाली आणि आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांना घरी जायला सांगितलं. बायका म्हणजे मी आणि ड्रीमा. इतकी वर्षं आम्ही एकाच पातेल्यात बटाटे कुस्करले होते. शेवटच्या दिवशी ड्रीमा शेगड्या घासत बसली. मी म्हटलं, "कुणासाठी घासतीस गं? उद्यापासून इथं उंदीर जेवणार."

"मग उंदरांनी तरी नावं ठेवू नयेत," ती म्हणाली आणि घासत राहिली.

मला होबार्टकाकाच्या पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला मिळालं. ड्रीमाला काही मिळालं नाही. घरी नवरा होता, व्हर्नन. कोळशाच्या खाणीत छत खाली आलं आणि त्याच्या पाठीचं वाटोळं झालं. चामड्याचा रुंद पट्टा आवळून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर दिवसभर बसायचा, कुणी आलं की उठायला बघायचा आणि अर्ध्यातच परत बसायचा. वरच्या अंगाला, झऱ्याजवळच्या घरात त्याची आई आयसी एकटी राहायची. म्हातारी ऐंशीच्या पुढं गेलेली, पण कोंबड्या, कोबी आणि सबंध डोंगरमाथा तिच्या नावावर. धाकटा लेक रॉन्डल रस्त्याकडेच्या घरात.

आमच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यात तेव्हा एकाच धंद्याला बरकत होती. गॅसवाल्यांना डोंगरांवरून नळ न्यायचा होता. त्यासाठी ज्याच्या त्याच्या जमिनीतून पट्टा हवा, पट्ट्यासाठी कागद हवा आणि कागदाला नोटरीचा शिक्का. खोऱ्यात नोटरी एकटा होबार्टकाका. त्याला डोळ्यांना नीट दिसेना झालेलं. एके दिवशी मक्याच्या पोत्यावर बसून तो ड्रीमाला म्हणाला, "तू का होत नाहीस? तुझ्याइतकं चोख माणूस इथं दुसरं नाही. तू तर उंदरांनी नावं ठेवायलाही भितेस."

मी ते त्याला सांगितलं होतं. ड्रीमानं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं, पण कान टवकारले होते.

"परीक्षा असते का काका?"

"नदीपलीकडं ओहायोत असते. आपल्याकडं नाही. आपल्याकडं अर्ज करायचा, शपथ घ्यायची आणि राज्याची नियमांची पुस्तिका वाचायची. शेवटचं कुणी करत नाही. तू कर. आणि एक लक्षात ठेव, नदी ओलांडलीस की तुझा शिक्का म्हणजे नुसतं रबर."

त्या हिवाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी तोच अभ्यास चालायचा. मी शेजारी, त्यामुळं माझी हजेरी ठरलेली. शेगडीवर घेवडा शिजत असायचा, ड्रीमा मक्याची भाकर थापत असायची आणि व्हर्नन पुस्तिका नाकाशी धरून तिला प्रश्न घालायचा. खाणीनंतर पहिल्यांदाच त्या माणसाच्या हाताला काम लागलं होतं. मास्तरासारखा आवाज काढायचा.

"सही करणारा आजारी आहे. बायको म्हणते, कागद द्या, आत जाऊन सही घेऊन येते. काय करशील?"

"मी आत जाईन."

"तो झोपलाय."

"उठेपर्यंत बसून राहीन."

"त्यानं कागदात धडधडीत खोटं लिहिलंय असं तुला वाटतं. मग?"

इथं ती अडखळायची. मग होबार्टकाकानं घोटून घेतलेलं म्हणून दाखवायची, "शिक्का खऱ्याखोट्याचा नसतो. माणूस माझ्यासमोर होता, तो तोच होता, आणि बोलला ते स्वतःच्या खुशीनं बोलला, एवढ्याचाच असतो. खरं-खोटं ज्याचं त्याच्या गळ्यात."

"आणि शिक्का कुणासाठी मारायचा नाही?"

"माझ्यासाठी नाही. माझ्या नवऱ्यासाठी नाही. आमचा दोघांचा ज्यात फायदा त्याच्यासाठी नाही."

"बघ नेल्डा," व्हर्नन माझ्याकडं वळून म्हणायचा, "सबंध खोऱ्याला हिचा शिक्का चालणार, फक्त मी तेवढा परका!" मग तिघंही हसायचो. मला ते हसू अजून ऐकू येतं आणि अंगाची लाही होते.

शिक्का आला तेव्हा व्हर्नननंच अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली. पाठ धरून, चार वेळा थांबून, पण केली. कोपरे असे जुळवले की नख जाणार नाही. शिक्का कुलपात ठेवायचा असा नियम, म्हणून पितळेचं बारकं कुलूप. तिनं किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. कुलपाला किल्ल्या दोन येतात. दुसरी कुणी विचारली नाही.

धंदा चालला. जुन्या पिकअपमधून ती घळीघळींतून फिरायची. चिखलात चाक रुतलं की फळी घालायची, कुत्री अंगावर आली की दारातूनच हाका मारायची. लोक कॉफी द्यायचे, पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा पुढं करायचे आणि टोमणेही मारायचे. ल्युथर पेनिक्सकडं तर तिला पुरती दुपार काढावी लागली. बायको गोठ्यात होती आणि तो म्हणत होता, "माझ्यासमोर रोज असते ती, तेवढं पुरे की!" ड्रीमा ओसरीवर बसून राहिली. बायको आली, हात पुसून सही केली, मगच शिक्का बसला. ल्युथर म्हणाला, "तुझ्या बापाला पोहायला मी शिकवलं गं."

"म्हणून तर तुमचं ओळखीचं कार्ड मागितलं नाही," ती म्हणाली.

हळूहळू लोकांना तिचं ते आवडायला लागलं. ड्रीमाचा शिक्का आहे म्हणजे माणूस समोर होता, असं पार तालुक्याच्या कचेरीतही म्हणू लागले. व्हर्ननला मात्र दुकानात कुणी ना कुणी चिमटा काढायचंच. "काय नोटरीणबाईंचे यजमान, आज घरी बसायला सुट्टी मिळाली वाटतं?" तो हसायचा. हसताना पट्टा आणखी आवळायचा. मी गल्ल्यावरून बघत होते, पण त्यात एवढं काही असेल असं मला वाटलं नाही.

बर्फ वितळायला लागलं तसा रॉन्डल त्यांच्याकडं येऊन बसू लागला. गॅसवाल्यांचा नळ आयसीच्या माथ्यावरून जायचा होता आणि म्हातारी ऐकत नव्हती. माथ्यावर त्यांच्या घराण्याचं कबरस्तान आहे. त्याला कुंपण आहे, नळ कुंपणाला शिवणार नव्हता. पण कुंपणाबाहेर, वरच्या अंगाला, तीन बिननावाचे दगड आहेत. त्यातल्या एकाखाली आयसीची पहिली मुलगी आहे. भर हिवाळ्यात गेली, आतली जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून जिथं कुदळ शिरली तिथं ठेवली. नकाशात ते दगड नाहीत. नळाची रेघ बरोबर त्यांच्यावरून जाते.

"आईला समजव," रॉन्डल ड्रीमाला म्हणाला. "तुझं ऐकते ती. नळ गेला तर मला गाडीवर घेणार आहेत. व्हर्ननला फाटकावर. नुसतं बसायचं काम. बसून माणसाला दुसरं काय येतं आता?"

"मी नाही समजावणार. आणि तुमच्या घरच्या कागदाला हातही लावणार नाही. व्हर्ननचा त्यात वाटा, म्हणजे माझा वाटा. नियमात बसत नाही."

"नियम!" रॉन्डल व्हर्ननकडं बघून म्हणाला. "बायकोनं पुस्तक वाचलं की घरात पाहुण्यासारखं राहावं लागतं, नाही का रे?"

व्हर्नन काही बोलला नाही. ड्रीमाला वाटलं, आपल्या बाजूनं गप्प आहे.

एप्रिलात रानलसूण वर आली. आयसी, ड्रीमा आणि मी, तिघी माथ्यावर गेलो. म्हातारी पुढं, हातात आखूड कुदळी. ओली काळी माती, त्यातून हिरवी रुंद पानं. गुडघे टेकून खणायचं, मुळं झाडायची, पोत्यात टाकायचं. तिन्हीजणींच्या अंगाला असा वास सुटला की खार जवळ येईना. दुपारी त्या दगडापाशी बसून आम्ही भाकर खाल्ली. आयसीनं दगडावरचं शेवाळ अंगठ्यानं खरवडलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "हिचं नाव ओपल ठेवणार होतो. ह्यांनी कुणाला सांगू दिलं नाही. बाप्तिस्मा व्हायचा होता ना." मग ड्रीमाकडं बघून, "मी आहे तोवर हिच्यावरून कुणी जायचं नाही. ऐकलंस?"

"ऐकलं आई."

परतताना ड्रीमानं म्हातारीला पिकअपमध्ये बसवलं आणि पट्टा लावून दिला. आयसीच्या बोटांना ते खटक्याचं काम जमायचं नाही. नेहमी ड्रीमाच वाकून लावायची आणि म्हातारी नेहमी म्हणायची, "बांधलंस बाई मला पोत्यासारखं."

मेच्या शेवटी कबरी सजवायचा दिवस आला. त्या दिवशी लांब गेलेले सगळे येतात. गवत कापतात, कबरींवर फुलं ठेवतात, झाडाखाली चादरी अंथरून जेवतात. ड्रीमानं रात्रीच सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक करून ठेवला होता. मी, होबार्टकाका, सगळे होतो. पाद्रीबाबांची प्रार्थना संपते न संपते तोच खालून तीन माणसं वर आली. हातात खुंट्या आणि गुलाबी फिती. पुढचा तरणा होता, बूट कोरे. सणाच्या दिवशी आल्याबद्दल त्यानं टोपी काढून माफी मागितली, तारीख पाळायची आहे म्हणाला, आणि पहिली खुंटी त्या तीन दगडांच्या मधोमध ठोकली.

आयसी हातातली ताटली तशीच धरून चालत गेली. "काढ ती."

"बाई, तुमचीच सही आहे."

"माझी सही? कुठं?"

त्यानं कागदाची नक्कल काढली. वाईट नव्हता तो, समजावून सांगत होता बिचारा. "ही बघा. एप्रिलात केलीत. नोटरीसमोर. ह्या इथं शिक्का आहे." आणि त्यानं तो नीट वाचला. ही व्यक्ती आज माझ्यासमक्ष हजर राहिली. खाली ड्रीमाचं नाव, तिचा पत्ता, तिचा शिक्का.

तारीख रानलसणीच्या दिवसाची होती.

आयसी वळली. तिनं ड्रीमाकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि जेवणाच्या चादरीपाशी येऊन ड्रीमाचा केक उचलला. तो तिनं तिच्या हातात दिला. "घेऊन जा घरी," म्हणाली. चाळीस-पन्नास माणसांसमोर. मी ओरडले, "अहो आजी, त्या दिवशी ती आपल्याबरोबर होती!" पण म्हातारी पाठ करून खुंटी उपटायला वाकली होती आणि तिला ती उपटत नव्हती. रॉन्डल लांब उभा राहून बुटानं गवत उकरत होता. व्हर्नन आलाच नव्हता. पाठ दुखतेय म्हणाला होता सकाळी.

मी ड्रीमाबरोबर तिच्या घरी गेले. केक माझ्या मांडीवर होता. व्हर्नन खुर्चीत बसला होता.

तिनं पेटी आणून त्याच्यापुढं टेबलावर ठेवली. "दुसरी किल्ली कुठंय?"

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. मग त्यानं पँटच्या खिशातून किल्ली काढून पेटीवर ठेवली. खिशातच होती, विचार करा. महिनाभर अंगावर वागवत होता.

"सही कुणी केली?"

"रॉन्डलनं. आईचं अक्षर त्याला येतं. शाळेतल्या चिठ्ठ्यांवर तोच करायचा."

"आणि शिक्का?"

"मी." मग घाईघाईनं, "ऐक. आज ना उद्या तिनं केलीच असती. आणि त्या दिवशी ती तुझ्यासमोर होती की नाही? दिवसभर होती. तू होतीस, ती होती. म्हणजे कागदावर खोटं असं काही नाही. मुद्दाम तोच दिवस धरला, तुला खोट्यात पाडायचं नव्हतं म्हणून."

ड्रीमानं पेटी स्वतःकडं ओढली. "पुस्तिका कुणी वाचून घेतली रे माझ्याकडून?" ती म्हणाली. "प्रश्न कुणी घातले?"

"मला खुर्चीत बसून बसून काय होतं तुला ठाऊक नाही. फाटकावर निदान पगाराचं बसणं होतं. तू बॅग घेऊन निघतेस तेव्हा मी खिडकीतून बघतो. मी कोण आहे तेव्हा?"

"तू माझा नवरा होतास," ती म्हणाली. त्या 'होतास'नं व्हर्ननचा चेहरा पडला. माझ्या मनात तसूभर दया आली नाही, हे सांगून टाकते.

त्याच संध्याकाळी ती म्हातारीकडं गेली. मी अंगणात थांबले. दार उघडं होतं. ड्रीमानं सगळं सांगितलं, किल्ली, सही, शिक्का. म्हणाली, होबार्टकाकांपुढं शपथेवर लिहून देते. तो शिक्का मी मारला नाही म्हणून. कागद रद्द होईल. ओपलवरून कुणी जाणार नाही.

आयसीनं चुलीत लाकूड सारलं. "पोरांचं काय होईल?"

"खोटी सही आहे आई. गुन्हाच आहे तो."

"तुरुंग?"

"होऊ शकतो."

"व्हर्ननची पाठ तुरुंगातल्या बाकावर टिकायची नाही," म्हातारी म्हणाली. मग उठली, ड्रीमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी तुला केक परत दिला. सगळ्यांदेखत. माझी चूक झाली बाई." ड्रीमा रडायला लागली. मला वाटलं, झालं, मिटलं. आम्ही दोघी त्या रात्री शांत झोपलो असू.

सोमवारी दुकान उघडलं. पाऊस भुरभुरत होता, पेंडीला कुबट वास सुटला होता. ड्रीमा येणार हे मला माहीत होतं. पण आधी रॉन्डलची गाडी आली. त्यानं आईला उतरवलं आणि तिला दारात सोडून तसाच निघून गेला. आत यायचं धैर्य नव्हतं. तिच्याबरोबर गॅसवाल्यांचा तोच तरणा, कोऱ्या बुटांना आता चिखल. त्याच्या हातात टाईप केलेला कागद.

"होबार्ट, मला शपथ घ्यायची आहे," आयसी म्हणाली.

होबार्टकाकानं कागद डोळ्यांशी नेला. वाचला, पुन्हा वाचला. एप्रिलातल्या कागदावरची सही माझीच आहे, मी ती राजीखुशीनं माझी सून ड्रीमा हिच्यासमोर केली, असं लिहिलं होतं. म्हणजे सही खरी, पोरं सुटली. आणि घरच्याच कागदावर, नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर शिक्का मारून नियम मोडणारी नोटरी कोण? ड्रीमा.

"आजी," मी म्हटलं, "त्या दिवशी आपण रानलसूण खणत होतो. मीही होते."

"नेल्डा, तू मापं मोज."

"आयसी," होबार्टकाका म्हणाला, "तुला जबरदस्ती कुणी केली?"

"नाही."

"हे खरं आहे?"

"लिहिलंय ते मी सांगते आहे."

"हे खरं आहे का, विचारलं मी."

"तू शपथ दे होबार्ट. बाकी माझ्या गळ्यात."

तेवढ्यात दार ढकलून ड्रीमा आत आली. काखेत अक्रोडाची पेटी, अंगात चर्चला जायचा झगा. तिनं सासूला बघितलं, कागद बघितला. तो तिला उलटाच दिसत होता, पण उलटे कागद वाचायची तिला आता सवय झाली होती.

"आई, मी समोर आहे," ती म्हणाली. "माझ्याकडं बघून सांगा."

आयसीनं उजवा हात वर केला आणि नजर मिठाच्या ढेपांवर ठेवली. होबार्टकाकानं शपथ दिली. तिनं सही केली, कष्टानं, एक एक अक्षर. त्यानं शिक्का मारला. तरण्यानं कागद उचलला, टोपीला हात लावला आणि गेला.

"तूही शपथ घेऊ शकतेस," होबार्टकाका ड्रीमाला म्हणाला. "मी तुझ्या कागदालाही शिक्का मारीन. दोन्ही कागद कचेरीत जातील."

"आणि आईंनी खोटी शपथ घेतली असं होईल."

त्यानं आपला शिक्का पुसून ठेवला. त्यानंच शिकवलेलं होतं सगळं.

"ती मेलेली आहे गं," आयसी पहिल्यांदाच ड्रीमाकडं बघून म्हणाली. "ओपल. हे दोघं जिवंत आहेत. मी काय करू?"

"आणि मी?" ड्रीमानं विचारलं.

म्हातारी शाल सावरत दाराकडं वळली.

ड्रीमानं पेटी उघडली. गल्ल्यावरची पोती कापायची सुरी माझ्याकडं मागितली. धंदा सोडला की शिक्का निकामी करायचा असा नियम आहे. तो तिनं शेवटपर्यंत पाळला. रबर कापलं, आडवं आणि उभं, तिच्या नावाचे तुकडे गल्ल्यावर पडले. ते मी गोळा केले. पेटी तिनं तिथंच ठेवली. "ह्यात खिळे ठेव," मला म्हणाली.

रॉन्डल परत आला नाही. पाऊस वाढला. म्हातारी दारात उभी, शाल डोक्यावर घेऊन. शेवटी ड्रीमानंच पिकअपचं दार उघडलं. "बसा."

आयसी चढली. मी छत्री धरून शेजारी उभी होते. म्हातारी म्हणाली, "तू मला लेकीसारखी आहेस. तुला ठाऊक आहे ना?"

"लेक असते तर तुम्ही शपथेला हात वर केला नसता," ड्रीमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते ऐकवत नव्हतं.

मग ती चालकाच्या जागेवर बसून थांबली. आयसीनं पट्टा ओढला. खटका शोधला, चुकला, पुन्हा शोधला. सुजलेली बोटं नुसती चाचपडत होती. तिनं मान वळवून सुनेकडं बघितलं, दर वेळेसारखं. ड्रीमा समोरच्या काचेवरचा पाऊस बघत होती. बराच वेळ वाट बघून तिनं गाडी सुरू केली, आणि खोऱ्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत म्हातारीनं तो पट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता.